गवत, गुरे आणि गरिबाचे पोषण

अमेरिका आणि युरोपातील मोठ्या शहरांच्या बाजारपेठांत गेल्या दोन-तीन दशकांपासून गोमांसाच्या वेष्टनावर ‘केवळ गवतावर पोसलेल्या जनावराचे’ अशी ग्वाही छापलेली आढळते, आणि त्या ग्वाहीपोटी तेथील सुशिक्षित गिऱ्हाईक नेहमीच्या मांसापेक्षा बरीच अधिक किंमत मोजते. परभणी जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्यास ही हकीकत सांगितली तर तो प्रथम हसेल. गुराने गवत खाल्ले यात छापून सांगण्यासारखे काय, असे त्याला वाटेल. आणि त्याचे हसणे अगदीच अनाठायी ठरणार नाही. परंतु या हसण्याच्या मागे एक प्रश्न दडलेला आहे. पश्चिमेकडील श्रीमंत समाज जे अन्न आज हौसेने आणि चढ्या दराने शोधीत आहे, ते मराठवाड्यातील अगदी गरीब घरांच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या होते. ते तेथून कसे गेले आणि त्याच्या जागी काय आले, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

पाश्चात्य देशांत ही ग्वाही द्यावी लागते, कारण तेथे जनावराने गवत खाणे ही आता गृहीत धरण्याजोगी गोष्ट राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मका अमाप पिकू लागला आणि त्याला गिऱ्हाईक हवे होते. हजारो जनावरे एका आवारात कोंडायची, त्यांच्यापुढे मका आणि सोयाबीनची पेंड ओतायची आणि शेवटच्या चार-सहा महिन्यांत त्यांचे वजन झपाट्याने वाढवायचे, ही पद्धत त्यातून रूढ झाली. वासरू आयुष्याचे पहिले महिने कुरणावरच काढते. परंतु कत्तलीपूर्वीचा काळ धान्यावर जातो आणि दीड-दोन वर्षांचे जनावर विक्रीस तयार होते. त्याचे मांस मऊ असते, त्यात चरबीच्या पांढऱ्या रेषा असतात आणि ते स्वस्तही पडते. या कारखानदारीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून गवतावरच्या मांसाची टूम निघाली. टूम हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. तथापि तिच्यामागे काही शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे.

चरबीचा रंग

हिरव्या गवताच्या पात्यात स्निग्धांश थोडा असतो. पण जो असतो त्यात ‘ओमेगा-३’ या वर्गातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. मक्यात आणि इतर धान्यांत त्याउलट ‘ओमेगा-६’ वर्गातील लिनोलेइक आम्ल अधिक असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्म जीव या आम्लांचे पुष्कळसे रूपांतर करून टाकतात, तरीही त्यांचा काही अंश निसटून शरीराच्या चरबीत उतरतो. म्हणून जनावराने काय खाल्ले याचा पुरावा त्याच्या चरबीत सापडतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी सुमारे तीन दशकांतील अभ्यासांचा आढावा २०१० साली प्रसिद्ध केला. त्यानुसार गवतावर वाढलेल्या जनावराच्या मांसात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे परस्परप्रमाण सरासरीने दीडास एक असे येते. धान्यावरच्या जनावरात ते साडेसातास एक याच्याही पुढे जाते. एकूण चरबी गवतावरच्या जनावरात कमी असते, तिच्यातील संयुग्मित लिनोलेइक आम्ल दोन-तीन पट भरते, आणि ‘ई’ जीवनसत्त्व व कॅरोटीन यांचे प्रमाणही वरचढ असते.

कॅरोटीनची ओळख पटण्यास प्रयोगशाळा लागत नाही. श्रावण-भाद्रपदात गाईच्या दुधाचे लोणी पिवळेधमक निघते आणि चैत्र-वैशाखात तेच फिके पडते, हे खेड्यातील कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. पावसाळ्यात गाय हिरवे खाते, उन्हाळ्यात कडबा. आणि उन्हात वाळलेल्या कडब्यातील कॅरोटीन बव्हंशी नष्ट झालेले असते. गाय कॅरोटीनचा काही भाग जसाच्या तसा चरबीत साठविते, म्हणून तिचे लोणी आणि गवतावर पोसलेल्या बैलाची चरबी पिवळसर दिसते. म्हैस मात्र ते ‘अ’ जीवनसत्त्वात बदलून टाकते. त्यामुळे ती कितीही हिरवे खावो, तिचे लोणी पांढरेच राहते. तेव्हा पिवळी चरबी हे कुरणाचे चिन्ह खरे, पण पांढरी चरबी हे धान्याचे चिन्ह असेलच असे नाही.

एवढे सांगितल्यावर या गुणांचे वजनही करून पाहिले पाहिजे, कारण जाहिरातदार ते करीत नाहीत. शंभर ग्रॅम मांसातील ओमेगा-३ आम्ले, जनावर गवतावरचे असले तरी, मिलिग्रॅमांतच मोजावी लागतात. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी असते. तिच्या एका चमच्यात, म्हणजे सात-आठ ग्रॅम जवसाच्या कुटात, अल्फा-लिनोलेनिक आम्ल दीड ग्रॅमच्या घरात भरते. मासे ज्या रूपात ही आम्ले देतात ते रूप जवसात नसते, हे खरे. परंतु केवळ तेवढ्यासाठी गवतावरच्या गोमांसाला दुप्पट दाम देणाऱ्या गिऱ्हाइकाने भाकरीबरोबर जवसाची चटणी खाल्ली तर त्याचे बरेच काम अल्प खर्चात होईल. पाश्चात्यांनी ज्या गुणाचा डांगोरा पिटला तो गुण खोटा नाही, तो लहान आहे. मोठे गुण कोणत्याही गोमांसात असतात, आणि परभणीच्या दृष्टीने त्यांचेच महत्त्व अधिक आहे.

शंभर ग्रॅम चरबीविरहित गोमांसात प्रथिने वीस-बावीस ग्रॅम, लोह सुमारे दोन ते तीन मिलिग्रॅम, जस्त चार-पाच मिलिग्रॅम आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज जवळजवळ भागेल इतके ‘बी-१२’ जीवनसत्त्व असते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. लोहाच्या बाबतीत आकड्यापेक्षा त्याचे रूप महत्त्वाचे असते. मांसातील लोहाचा मोठा वाटा रक्तरंजकाशी बांधलेला असतो आणि त्या बांधलेल्या लोहापैकी सुमारे १५ ते ३५ टक्के शरीर शोषून घेते. धान्य, डाळी आणि पालेभाज्या यांच्यावर चालणाऱ्या भारतीय आहारातील लोहाचे शोषण पोषणशास्त्रज्ञ ५ ते ८ टक्के इतकेच धरतात. शिवाय मांसाचा लहानसा तुकडा जेवणात असला तरी भाकरीतील आणि भाजीतील लोहही अधिक शोषले जाते.

येथे म्हाताऱ्या बैलाची एक वेगळी बाजू आहे. मांसाला लाल रंग देणारे मायोग्लोबिन हे लोहयुक्त द्रव्य जनावराच्या वयाबरोबर आणि त्याच्या श्रमाबरोबर वाढत जाते. कोवळ्या वासराचे मांस फिके असते आणि दहा-बारा वर्षे नांगर, वखर व गाडी ओढलेल्या बैलाचे मांस गडद असते, ते यामुळे. असे मांस चिवट असते, तासन्‌तास शिजवावे लागते आणि शहरी गिऱ्हाइकाच्या पसंतीस ते कधी उतरले नसते. पण लोहाच्या दृष्टीने पाहता ते पाश्चात्य बाजारातील दीड वर्षाच्या मऊ जनावरापेक्षा उजवे ठरते. गायरानात चरलेला, कडब्यावर उन्हाळे काढलेला आणि आयुष्यभर राबलेला लाल कंधारी किंवा देवणी बैल म्हणजे, त्या वेष्टनावरच्या भाषेत बोलायचे तर, ‘केवळ गवतावर पोसलेल्या’ जनावराचा अस्सल नमुना होय.

दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्ककारक आणि तांबडे मांस ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले. दररोज भरपूर मांस खाणाऱ्या समाजांना हा इशारा गंभीरपणे घ्यावा लागेल. आठवड्यातून एखाद्या वेळी पाव-अर्धा किलो मांस आणून ते सात-आठ माणसांत वाटून घेणाऱ्या घरापुढे मात्र अतिसेवनाचा प्रश्न उभा राहत नाही.

ज्वारी आणि रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. त्याआधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हेच आकडे ४८ आणि ५३.८ असे होते. म्हणजे मधल्या पाच वर्षांत स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत असतात, वारंवारची बाळंतपणे असतात, मलेरिया असतो. एखाद्या पदार्थाच्या बंदीवर या वाढीचे खापर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ज्या समाजात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी आहे, त्या समाजात लोहाचा सर्वांत सुलभ आणि स्वस्त साठा कोणता होता व तो कोणाच्या वाट्याला येत होता, ही चौकशी निषिद्ध ठरविता येणार नाही.

परभणीतच याच प्रश्नावर वेगळ्या दिशेने काम झाले आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने, ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये प्रसारित केला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. जिल्ह्यातील गरिबाची भाकरी ज्वारीची आहे आणि तीच समृद्ध केली तर लाभ सर्वांना पोचतो. गंगाखेडच्या, जनाबाईच्या गावच्या माळकऱ्यालाही पोचतो, ज्याने मांस कधी खाल्ले नाही आणि खावे असे कोणी सुचविणारही नाही. तथापि ज्वारीतील लोहाला त्याच दाण्यातील फायटेट हे द्रव्य अडवून धरते, आणि ‘बी-१२’ तर कोणत्याही ज्वारीत येणार नाही. माळकऱ्याने अर्धा लिटर दूध घेतले तर ती गरज बरीचशी भागते. पण दुधात लोह जवळजवळ नसते. शेतमजुराच्या घरात अर्धा लिटर दूध माणशी येत नाही, ते डेअरीवर जाते. तेव्हा भाकरीबरोबर काय असते, या प्रश्नाला टाळून पुढे जाता येत नाही.

भाकरीबरोबर काय असे, त्याची नोंद मराठी साहित्याने फार उशिरा केली. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेचे त्यात तपशीलवार वर्णन आहे, आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. तत्पूर्वी मराठी पाकशास्त्राच्या ग्रंथांत या घरांच्या चुलीला स्थान नव्हते. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या ‘चान्या’ हा या परंपरेतील एक मुख्य पदार्थ. ताज्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. ते उडून गेल्यावर उरते ते प्रथिनांचा आणि लोहाचा घट्ट साठा असलेले, महिनोन्‌महिने टिकणारे अन्न. पावसाच्या झडीत शेतावर काम मिळत नसे आणि कणगी रिकामी झालेली असे, तेव्हा मूठभर चान्या भाजून किंवा रश्श्यात टाकून घर चालत असे. शीतपेटी नसलेल्या समाजाने लावलेला हा शोध आहारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जाण्याच्या योग्यतेचा आहे.

परंतु या परंपरेत केवळ पोषण पाहणारा माणूस अर्धाच पाहतो. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले, त्यांच्या वाट्याला त्याचे मांस आले. ते त्यांनी निवडले नव्हते. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि गावोगावी ते पाळले गेले. त्या त्यागामुळे काही घरांतील प्रथिने कमी झाली असतील. तरीही त्या निर्णयाची तुलना मिलिग्रॅमांशी करण्याचा अधिकार कोणाला नाही. कारण तो ज्यांनी घेतला त्यांनी स्वतःसाठी घेतला. मृत जनावराचे मांस आणि बाजारातून विकत आणलेले ताजे मांस यांत त्यांनी फरक केला. ताजे मांस पुढेही अनेक घरांत शिजत राहिले, मुसलमानांच्या घरांत शिजत राहिले, आणि बकऱ्याच्या मटणाच्या तुलनेत त्याचा दर इतका कमी असे की ‘मोठ्याचे’ हा शब्द खेड्यात गरिबाच्या मटणाचे दुसरे नाव बनला.

या व्यवहारावर कायद्याचे नियंत्रण आधीपासून होते. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणिरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीस मनाई केली. बैल, वळू आणि म्हैसवर्गीय जनावरे मात्र कामास निरुपयोगी असल्याचा दाखला मिळाल्यास कापता येत. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीविना जवळजवळ वीस वर्षे पडून होती. २०१५ च्या फेब्रुवारीत संमती मिळाली आणि मार्चपासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंतची आहे. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली. राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मात्र रद्द केले. रेडा आणि भाकड म्हैस यांच्याबाबत दाखल्याची जुनी पद्धत चालू आहे.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या आणि त्याला पुरणपोळी भरविणाऱ्या घरांची भावना या कायद्यामागे आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. ती भावना खरी आहे आणि तिची टिंगल करणे असभ्यपणाचे ठरेल. परंतु त्याच घराने म्हातारा बैल बाजारात नेऊन विकला आणि आलेल्या पैशांत आणखी थोडी भर घालून नवा गोऱ्हा घेतला, हाही शेकडो वर्षांचा व्यवहार आहे. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी जनावरांची पारख करणारा शेतकरी भावनेचा आणि हिशेबाचा माणूस एकाच वेळी असतो. काम संपलेल्या बैलाला काही किंमत येत असे, म्हणून नवा बैल परवडत असे. ती किंमत गेल्यावर बैलजोडी हे केवळ खर्चाचे खाते झाले. २०२५ च्या पावसाळ्यात छळाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी थांबविली तेव्हा गुरांचे बाजार मंदावले, आणि त्याची झळ ज्यांना लागली त्यांत शेतकरी मोठ्या संख्येने होते. देशी जातींचे संवर्धन व्हावे असे म्हणणाऱ्यांनी या खात्याचा विचार करावयास हवा होता. त्यांनी तो केल्याचे दिसत नाही.

गायरानाचे काय झाले

कायद्याची चर्चा पुष्कळ झाली. गवताची मात्र झाली नाही, आणि ती अधिक जुनी कहाणी आहे. उत्तरेस जिंतूरकडचा अजिंठ्याच्या रांगांचा डोंगराळ पट्टा आणि दक्षिणेस गंगाखेडकडचा बालाघाट सोडला तर परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची काळी जमीन. अशा जमिनीवर कुरण टिकणे मुळातच कठीण, कारण नांगराला ती सदैव मोहविते. जे गवत होते ते डोंगरउतारावर, ओढ्याकाठी, बांधावर आणि प्रत्येक गावच्या गायरानात होते. मारवेल, पवन्या, हराळी या गवतांवर गावची गुरे पावसाळाभर चरत, आणि गुराखी हा गावगाड्यातील एक घटक होता.

गायराने कमी झाली ती अनेक हातांनी. भूमिहीनांनी ती कसावयास घेतली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या सत्याग्रहाने पडीक आणि गायरान जमिनींची मागणी राज्यभर नेली, आणि मराठवाड्यात तिला विशेष प्रतिसाद मिळाला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारली गेली त्यांनी गावाच्या सामाईक तुकड्यावर ज्वारी पेरली, यात अन्याय कोणता? शासनानेही पुढे १९७८ व १९९१ मध्ये अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय घेतले. पण भूमिहीनाच्या चार-पाच एकरांची चर्चा चावडीवर मोठ्याने होते आणि बागायतदाराच्या बांधापलीकडे सरकलेल्या नांगराची, गायरानावर उभ्या राहिलेल्या सरकारी इमारतींची, रस्त्यांची व वीज उपकेंद्रांची होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश राज्यांना दिले, तेव्हा भूमिहीनांच्या नावे झालेल्या वाटपाचा अपवादही नमूद केला होता. अंमलबजावणीच्या गडबडीत हा अपवाद अनेकदा विसरला जातो. उरलेल्या तुकड्यांवर गाजरगवत माजले. हे गवत पन्नाशीच्या दशकात पुण्यात प्रथम दिसले आणि नंतर सगळीकडे पसरले. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि चुकून लावले तर दुधाला कडवट चव येते.

चरणे संपल्यावर कडबा उरला होता, आणि तोही पीकबदलाने हिरावला. ज्वारीचे पीक माणसाला दाणा आणि जनावराला कडबा देते. एका पिकात दोन पोटे भरतात. गेल्या तीन दशकांत खरिपाची बरीच जमीन सोयाबीनखाली गेली. सोयाबीनची पाने पीक पक्व होताना गळून पडतात, राहते ते भुसकट, आणि त्याची तुलना कडब्याशी होऊ शकत नाही. रोख पैसा हवा म्हणून शेतकऱ्याने सोयाबीन घेतले, त्यात त्याला दोष देता येणार नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला होता, बैल कमी झाले होते. वैरण कमी, म्हणून बैल आणखी कमी, असे हे चक्र फिरत गेले.

त्या सोयाबीनचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. त्यातून तेल निघते आणि पेंड उरते. ही पेंड मक्याबरोबर मिसळून ब्रॉयलर कोंबड्यांना चारली जाते, आणि सहा-सात आठवड्यांची ही कोंबडी आज परभणी, सेलू, मानवत, पाथरी येथल्या चौकाचौकांतील दुकानांत पिंजऱ्यात बसलेली दिसते. ‘मोठ्याचे’ गेल्यावर गरिबाच्या आवाक्यात राहिलेले मांस बव्हंशी हेच. प्रथिने त्यात चांगली आहेत आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण लोह गोमांसाच्या निम्म्याहून कमी, जस्त त्याहून कमी, ‘बी-१२’ तर फारच थोडे. आणि चरबी मक्या-सोयाबीनच्या वळणाची, म्हणजे ओमेगा-६ च्या बाजूला झुकलेली. अमेरिकेतील सुखवस्तू माणूस मका-सोयाबीनवर पोसलेले मांस टाकून गवताकडे वळत असताना परभणीचा मजूर गवतावरच्या मांसाकडून मका-सोयाबीनकडे ढकलला गेला आहे. दोघांपैकी एकाने निवड केली, दुसऱ्याला ती करावयास मिळाली नाही.

परिस्थिती बदलण्याचे मार्ग नाहीत असे नव्हे. परभणीत कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशी जोडी फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली आहे. स्थानिक गवते, कडबा आणि पेंड यांवर वाढणाऱ्या म्हशी, रेडे व शेळ्यांच्या मांसाचे आणि लाल कंधारी गाईच्या दुधाचे पोषणमूल्य ऋतुवार मोजून ते मराठीत प्रसिद्ध करणे, हे या दोन संस्थांना अवघड नाही. रेड्याचे मांस कायद्याने निषिद्ध नाही; लोह आणि ‘बी-१२’ यांच्या बाबतीत ते गोमांसाच्या बरोबरीने उभे राहते आणि त्यात चरबी कमी असते. तरीही ते विकणारा धास्तावलेला असतो आणि घेणारा पिशवी झाकून नेतो. दाखला देणारी यंत्रणा सुरळीत चालविणे आणि कायदेशीर व्यापाऱ्यास रस्त्यात अडविणाऱ्यांना आवरणे एवढे शासनाने केले तरी पुष्कळ होईल. उस्मानाबादी शेळी उरल्यासुरल्या माळावर, काटेरी झुडपांच्या पाल्यावर वाढते आणि तिचे मटण उत्तम असते. पण ते शेळी पाळणाऱ्या मजुराच्या घरात सणासुदीला शिजते, एरवी ती शेळी बाजारात जाते, कारण तीच त्याची ठेव असते.

शाळांच्या बाबतीत तर निर्णय अगदी शासनाच्या हातचा होता. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. एका अंड्याने रक्तक्षय हटत नाही. त्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिने आणि थोडे ‘बी-१२’ असते, एवढेच. तरीही ज्या मुलांच्या घरातून चान्या गेल्या आणि दूध डेअरीवर गेले, त्यांच्या ताटात आठवड्यातून एकदा प्राणिज अन्न येत होते. जानेवारी २०२५ मध्ये या अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबविण्यात आला आणि अंडे द्यावयाचे असल्यास शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा असे ठरले. मोंढ्याच्या गावातील शाळेला आडत्यांकडून देणग्या मिळू शकतील. जिंतूरच्या डोंगरातील तांड्यावरच्या शाळेत, जेथे निम्मे पालक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात, तेथे हा लोकसहभाग कोणाकडे मागावयाचा, ते मुख्याध्यापकांनी ठरवावयाचे आहे.